टांझानियात कारखाना टाकताय? मग कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर

लातूर-अकोल्याच्या डाळगिरण्यांत 'अरुषा' आणि 'मटवारा' ही तुरीची नावं रोजच्या बोलण्यातली आहेत. कोकण-गोव्याच्या काजू कारखान्यांतही टांझानियाचा कच्चा माल नवा नाही. माल तिकडचाच आहे तर गिरणी तिकडेच का टाकू नये, हा विचार बरेच जण करतात. विचारात चूक नाही. चूक होते ती कामांच्या क्रमात. आधी जमीन पाहायची, ओळखीच्या माणसाच्या खात्यावर 'सुरुवातीचे' पैसे पाठवायचे, घाईत कंपनी नोंदवायची आणि शेवटी भारतातल्या बँकेकडे जायचं, हा क्रम पार उलटा आहे. त्यामुळे दोन्ही देशांत दंड बसतो आणि पुढे नफा परत आणायची वाटही अडते.

खालची माहिती टांझानियाच्या मुख्य भूमीपुरती आहे. झांझिबारचा गुंतवणूक कायदा आणि तिथली यंत्रणा वेगळी आहे. दार-एस-सलामची कागदपत्रं तिथे चालतील असं गृहीत धरू नका.

## टप्पा १ : हा धंदा परदेशी माणसाला करता येतो का, ते आधी पाहा

जुलै २०२५मध्ये टांझानिया सरकारने एक आदेश काढला आणि काही धंदे फक्त टांझानियन नागरिकांसाठी राखून ठेवले. त्यातले आपल्या लोकांना हमखास आडवे येणारे असे:

- किरकोळ आणि घाऊक विक्री (सुपरमार्केट आणि उत्पादकांसाठीची विशेष घाऊक केंद्रं वगळून)
- शेताच्या बांधावर जाऊन पीक खरेदी
- क्लिअरिंग आणि फॉरवर्डिंग
- धंद्यातली आणि जमीन-घरांची दलाली
- मोबाइल दुरुस्ती, मोबाइलवरून पैसे पाठवण्याचं केंद्र, केशकर्तनालय, साफसफाईची कंत्राटं
- पर्यटकांसाठी गाइडचं काम
- सूक्ष्म आणि लघुउद्योग

शेवटची ओळ दोनदा वाचा. टांझानियाच्या २००३च्या लघुउद्योग धोरणात ५ ते ४९ कामगार आणि २० कोटी शिलिंगपर्यंतची यंत्रसामग्री असलेला उद्योग 'लघु' धरला आहे. म्हणजे गावाकडे चालते तशी चार माणसांची छोटी गिरणी परदेशी नावावर काढायची वाट बंद आहे. प्रकल्प मध्यम किंवा त्याहून मोठाच लागतो.

मग 'कुणातरी स्थानिक माणसाच्या नावावर काढू' असा सल्ला हटकून मिळतो. तो ऐकू नका. आदेश मोडणाऱ्या परदेशी व्यक्तीला किमान १ कोटी शिलिंग दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि व्हिसा-परमिट रद्द, अशी शिक्षा आहे. नाव वापरू देणाऱ्या नागरिकालाही ५० लाख शिलिंग दंड किंवा तीन महिने कैद होऊ शकते. शिवाय कंपनी नोंदवताना खरा लाभार्थी मालक कोण, हे जाहीर करावं लागतं. तिथे खोटं लिहिलं की तो वेगळा गुन्हा. आणि उद्या त्या माणसाशी बिनसलं तर कागदावर कारखाना त्याचाच असतो. कुठलंही कोर्ट तुमचं ऐकणार नाही.

तपासा : तुमच्या धंद्याचं एका वाक्यात वर्णन लिहा. त्यातली क्रियापदं मोजा : 'खरेदी करणे', 'दळणे', 'पॅक करणे', 'विकणे', 'निर्यात करणे'. प्रत्येक क्रियापद आदेशाच्या यादीशी वेगवेगळं ताडून पाहा. दळणं चालत असेल, पण गिरणीच्या दारात किलोवर विकणं चालत नसेल.

## टप्पा २ : कच्चा माल तुमच्यापर्यंत कसा येणार

सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच फसतात, म्हणून हे काम कंपनीच्या नोंदणीआधी करा.

टांझानियात काजू, तीळ, तूर, हरभरा अशा पिकांचा मोठा भाग गोदाम-पावती पद्धतीने विकला जातो. शेतकरी आपला माल प्राथमिक सहकारी संस्थेकडे, म्हणजे तिथल्या बोलीत 'आम्कोस'कडे घालतो. माल मान्यताप्राप्त गोदामात जातो, त्याची पावती बनते आणि लिलाव होतो. अनेक पिकांचे लिलाव आता टांझानिया मर्कंटाइल एक्स्चेंजच्या ऑनलाइन पद्धतीवर होतात. काजूवर काजू मंडळाचं नियंत्रण आहे. कडधान्यं आणि इतर धान्यं 'कोप्रा' या नियामक संस्थेकडे येतात. तुम्हाला खरेदीदार म्हणून नोंदणी करून लिलावातच उतरावं लागतं. मनयारा भागातल्या बाबातीच्या एखाद्या शेतकऱ्याशी थेट व्यवहार ठरवून ट्रक भरायचा, हा आपल्याकडचा सौदा तिथे चालत नाही.

गणितावर याचे तीन परिणाम होतात.

पहिला, भाव तुमच्या हातात नसतो. लिलावात तुमच्यासमोर बोली लावणारा निर्यातदार बहुतेक वेळा मुंबईच्या बाजारासाठीच माल उचलत असतो. भारतात तुरीचे भाव चढले की मनयारा आणि मटवारातही चढतात. तिकडे माल स्वस्तच मिळेल, हे गृहीतक मुळात चुकीचं आहे.

दुसरा, पैसा एकदम लागतो. लिलाव जिंकल्यावर रक्कम भरायला मोजकेच दिवस मिळतात. तिकडची तूर साधारण ऑगस्टपासून बाजारात येते आणि काजूचे लिलाव ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतात. वर्षभर गिरणी चालवायची तर दोन-तीन महिन्यांत वर्षाचा माल घ्यावा लागतो. यंत्रांना लागतो त्याहून जास्त पैसा मालात अडकतो. प्रकल्प अहवालात खेळतं भांडवल 'एक महिन्याचं' असं लिहिलेलं दिसलं, तर तो अहवाल परत पाठवा.

तिसरा, दर्जा तुम्हीच तपासायचा. कच्च्या काजूसाठी आउटटर्न पाहा. ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघतो, हा तो आकडा. नमुन्यासाठी पोती वरच्या थरातूनच नको, थप्पीच्या मधून आणि तळातूनही काढायला लावा. बिया कापून गर, डागाळलेला गर, पोकळ बी असं वेगवेगळं वजन करा. ओलावा १० टक्क्यांच्या वर असेल तर गोदामात बुरशी धरते आणि कागदावरचा आउटटर्न महिन्याभरात घसरतो. तुरीलाही ओलावा मोजणं तितकंच गरजेचं. ओल्या तुरीची टरफलं नीट सुटत नाहीत आणि चुणीचं, म्हणजे डाळीच्या चुऱ्याचं, प्रमाण वाढतं.

गिरणी तिकडे टाकण्याचा खरा फायदा वजनात आहे. तुरीतून साधारण ७० ते ७५ टक्के डाळ निघते, म्हणजे जहाजावर जाणारं वजन २५ ते ३० टक्क्यांनी घटतं. पण चुणी-भुसा तिकडेच विकावा लागतो. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे पशुखाद्य बनवणारा कारखाना. तो किती अंतरावर आहे, हे आत्ताच शोधा.

सावधान : भारताचं तूर-आयात धोरण मुदती वाढवत चालतं. शुल्कमाफीची मुदत संपली तर काय, याचा हिशोब वेगळा करून ठेवा. टांझानिया अल्पविकसित देशांच्या यादीत असल्याने भारताच्या शुल्कसवलत योजनेचा लाभ मिळू शकतो, पण त्यासाठी प्रत्येक खेपेबरोबर मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं.

## टप्पा ३ : भांडवलाची रचना

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कंपनी *नोंदवायला* मोठं भांडवल लागत नाही. मोठा आकडा लागतो तो *गुंतवणूक प्रमाणपत्रासाठी*. २०२२च्या गुंतवणूक कायद्यात पूर्ण परदेशी किंवा भागीदारीतल्या प्रकल्पाला किमान ५ लाख डॉलर आणि टांझानियन नागरिकांच्या प्रकल्पाला ५० हजार डॉलर ठेवले होते. २०२५मध्ये गुंतवणूक केंद्र आणि निर्यातक्षेत्रांची संस्था एकत्र करून 'टिसेझा' ही नवी संस्था झाली. अर्ज आता तिच्याकडे जातो. अर्जाच्या दिवशी लागू असलेली किमान रक्कम तिच्याकडून लेखी घ्या. स्थानिक भागीदार घेतला की आकडा ५० हजारांवर येतो, असा समज सर्रास दिसतो. तो चूक आहे. भागीदारीतला प्रकल्प ५ लाखांच्याच गटात मोडतो.

नंतर भागभांडवल किती आणि कर्ज किती, हे ठरवा. मालकाने कर्ज म्हणून पैसे दिले तर व्याजाचा खर्च करातून वजा होतो, म्हणून सगळे कर्जाकडे झुकतात. पण परदेशी मालकीच्या कंपनीला टांझानियाचा करकायदा कर्ज आणि भांडवलाचं प्रमाण ७० ला ३० च्या आतच मानतो. त्यापुढच्या कर्जावरचं व्याज खर्चात धरलं जात नाही. बाहेरून आलेलं एक वर्षाहून जास्त मुदतीचं कर्ज तिथल्या व्यापारी बँकेमार्फत बँक ऑफ टांझानियाकडे नोंदवून त्याचा कर्जनोंद क्रमांक घ्यावा लागतो. हा क्रमांक नसेल तर परतफेडीच्या दिवशी बँक डॉलर बाहेर सोडत नाही. कर्ज *येण्याच्या वेळी* कुणी अडवत नाही, म्हणून ही चूक तीन वर्षांनी उघडकीस येते.

## टप्पा ४ : भारतातली बाजू (कंपनी नोंदवण्याच्या आधी!)

या एका टप्प्याच्या जागेवरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

रिझर्व्ह बँकेचे परदेशी गुंतवणुकीचे सध्याचे नियम २२ ऑगस्ट २०२२पासून लागू आहेत. त्यानुसार परदेशातल्या कंपनीत थेट गुंतवणूक करायची तर तुमच्या बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे यूआयएन, घ्यावा लागतो. तोही *पैसे पाठवण्याआधी किंवा शेअर मिळवण्याआधी, यातलं जे आधी घडेल त्याच्या आधी*. 'किंवा' नंतरचा भाग लोक वाचतच नाहीत. कंपनीच्या घटनापत्रावर भागधारक म्हणून सही झाली की शेअर मिळवण्याची गोष्ट सुरू झालीच, मग एक रुपयाही गेलेला नसला तरी.

म्हणून बिनधोक क्रम असा:

१. टांझानियात फक्त कंपनीचं नाव राखून ठेवा.
२. त्या नावाने भारतातल्या बँकेत फॉर्म एफसी द्या.
३. यूआयएन हातात आला की मगच तिकडे नोंदणीचे कागद सही करा.
४. तिकडे कंपनीचं खातं उघडा.
५. मग पैसे पाठवा, तेही थेट त्या कंपनीच्या खात्यावर.

नाव राखून ठेवण्याला मुदत असते आणि बँकेतल्या फाइलीला वेळ लागतो. म्हणून भारतातले कागद तयार झाल्याशिवाय नाव राखायलाही जाऊ नका.

कोण गुंतवणूक करणार, तेही ठरवा. कंपनी, एलएलपी किंवा *नोंदणीकृत* भागीदारी संस्था शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदातल्या निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत आर्थिक बांधिलकी घेऊ शकते. ताळेबंद १८ महिन्यांहून जुना नको. वडिलांपासून चालत आलेली, रजिस्ट्रारकडे न नोंदवलेली भागीदारी असेल तर आधी ती नोंदवून घ्या. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने ही वाट नाही. व्यक्ती म्हणून पाठवायचं तर वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, आणि १० लाख रुपयांच्या वर गेलं की २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ गोळा केलेला आयकर, कापला जातो. तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरेपर्यंत पैसा अडकतो. शिवाय व्यक्तीच्या नियंत्रणातल्या परदेशी कंपनीला आपल्या उपकंपन्या काढता येत नाहीत, आणि टप्पा ३ मधलं कर्जही व्यक्तीला देता येत नाही. ५ लाख डॉलरच्या प्रकल्पाला म्हणूनच कंपनी किंवा एलएलपीची वाट सोयीची.

कर्ज थकीत असेल, किंवा ईडी, सीबीआय, एसएफआयओ (कंपन्यांतल्या मोठ्या घोटाळ्यांचा तपास करणारं कार्यालय) यांची चौकशी चालू असेल, तर संबंधित बँकेचं किंवा संस्थेचं ना-हरकत लागतं. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरलं जातं. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा.

सावधान : नातेवाइकाच्या, दलालाच्या किंवा वकिलाच्या खात्यावर 'आधी थोडे' पैसे पाठवू नका. ते गुंतवणूक म्हणून मोजले जात नाहीत. पुढे त्या रकमेचे शेअर दाखवता येत नाहीत आणि परत आणतानाही मार्ग राहत नाही.

## टप्पा ५ : कंपनीची नोंदणी आणि कर क्रमांक

कंपनी नोंदते 'ब्रेला' या सरकारी नोंदणी संस्थेकडे, ऑनलाइन. खासगी कंपनीला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. घटनापत्र, नियमावली, संचालकांची पासपोर्टची माहिती, तिथला खरा पत्ता आणि लाभार्थी मालकाची माहिती, एवढं तयार ठेवा. भारतात केलेलं मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर नुसत्या नोटरीच्या शिक्क्यावर भागेलच असं नाही. कुठलं प्रमाणीकरण चालेल, ते तिथल्या वकिलाकडून आधी लेखी विचारून घ्या. मुखत्यारपत्र नाकारून परत आलं की नाव राखण्याची मुदत हमखास उलटते.

घटनापत्रातला 'उद्देश' हा भाग स्वतः वाचा. तयार नमुन्यात 'घाऊक व किरकोळ व्यापार, क्लिअरिंग, दलाली' असं सगळंच लिहिलेलं असतं. टप्पा १ मधल्या यादीतला एकही शब्द त्यात नको. व्यवसाय परवान्याच्या वेळी अधिकारी तिथेच बोट ठेवतो.

नोंदणी झाली की टांझानिया महसूल प्राधिकरणाकडून, म्हणजे टीआरएकडून, कंपनीचा टीआयएन, म्हणजे करदाता क्रमांक, घ्या. संचालकांचेही टीआयएन लागतात. नंतर बँक खातं उघडा : शिलिंगचं एक आणि डॉलरचं एक. सही करणारा संचालक हजर राहील असं तिकीट काढा.

सरकारी फी भरण्याची एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा. टांझानियात सरकारला जाणारा प्रत्येक पैसा 'कंट्रोल नंबर'वर भरला जातो. तो नंबर त्या कार्यालयाच्या यंत्रणेतून निघतो आणि बँकेत किंवा मोबाइलवरून भरता येतो. भरल्यावर पावतीवर तोच नंबर येतो. कुणी सरकारी फी म्हणून स्वतःच्या मोबाइल नंबरवर पैसे मागितले तर ती सरकारी फी नव्हे. 'कंट्रोल नंबर द्या' एवढं म्हणा. निम्म्या मागण्या तिथेच गळतात.

तपासा : पैसे पोचल्याचं बँकेचं पत्र, त्यावर पाठवणाऱ्याचं नाव आणि 'भागभांडवल' हा हेतू लिहिलाय का? नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. पैसे पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत शेअर प्रमाणपत्र भारतातल्या बँकेत द्यावं लागतं.

## टप्पा ६ : जागा

टांझानियात परदेशी व्यक्तीला जमिनीची मालकी मिळत नाही. १९९९च्या जमीन कायद्यानुसार गुंतवणुकीसाठी टिसेझामार्फत 'उपहक्क', म्हणजे ठरावीक मुदतीचा वापराचा हक्क, मिळतो, किंवा ज्याच्याकडे हक्क आहे त्याच्याकडून भाडेपट्ट्याने जागा घेता येते. गावाची जमीन वेगळ्या कायद्याखाली येते. गावसभेने 'चालेल' म्हटलं आणि सरपंचाने शिक्का मारला, एवढ्यावर ती परदेशी कंपनीला मिळत नाही. रस्त्याकडेची, विजेच्या खांबाजवळची स्वस्त जमीन दाखवली की लोक इसार देऊन मोकळे होतात. तो पैसा बुडाला असं समजा.

पहिल्या प्रकल्पाला तयार औद्योगिक शेड किंवा विशेष आर्थिक क्षेत्रातली जागा भाड्याने घेणं शहाणपणाचं. भाडेकरार करताना:

- मालकाचा हक्क कागदावर कुठल्या वापरासाठी आहे ते नोंदणी कार्यालयात बघा. 'निवासी' लिहिलं असेल तर तिथे गिरणीचा परवाना मिळणार नाही.
- त्या हक्काची किती वर्षं उरली आहेत ते पाहा. भाडेपट्टा त्याहून लांब असू शकत नाही.
- जागेवर बँकेचा बोजा आहे का ते पाहा.
- भाडं शिलिंगमध्ये लिहा. मार्च २०२५च्या नियमांनुसार देशांतर्गत व्यवहारात परकीय चलनात किंमत लावायला आणि पैसे घ्यायला बंदी आहे. जुन्या नमुन्यातला 'डॉलर दरमहा' असा करार गोत्यात आणतो.
- भाड्यातून १० टक्के कर कापून टीआरएकडे भरण्याची जबाबदारी *तुमची* आहे. मालक 'मला पूर्ण रक्कम हातात हवी' म्हणेल. मग कर कोण सोसणार, ते करारातच लिहा.

करारात 'गुंतवणूक प्रमाणपत्र आणि पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर लागू' अशी अट टाका. प्रमाणपत्राच्या अर्जाला जागेचा पुरावा लागतो आणि तुम्हाला प्रमाणपत्राशिवाय जागेत अडकायचं नसतं. ही गाठ याच अटीने सुटते.

आणि भेटीची वेळ ठरवताना एक बारीकशी गोष्ट. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. कुणी 'सा ताटू' म्हणजे 'तीन वाजता' म्हणालं तर ते सकाळचे नऊ असतात. दुपारी तीनला गेलात तर जमीन कार्यालयातला अधिकारी सहा तासांपूर्वीच तुमची वाट पाहून उठलेला असतो. वेळ नेहमी इंग्रजीत लिहून पक्की करा.

## टप्पा ७ : गुंतवणूक प्रमाणपत्र, पर्यावरण आणि परवाने

टिसेझाकडे अर्ज करताना संचालक मंडळाचा ठराव, व्यवसाय आराखडा, पैशांचा पुरावा, जागेचा पुरावा आणि प्रकल्प पूर्ण करायचं वेळापत्रक लागतं. वेळापत्रक प्रामाणिक लिहा, कारण सवलती त्या मुदतीला बांधलेल्या असतात. आराखड्याला यंत्रांची यादी जोडा : नाव, क्षमता, संख्या. यादीत नसलेल्या वस्तूवर सवलत मागता येत नाही.

याच काळात पर्यावरण परिषदेचं, म्हणजे 'नेम्क'चं, काम सुरू करा. २००४च्या पर्यावरण कायद्याखाली प्रकल्पाचा गट ठरतो, आणि अहवाल नोंदणीकृत तज्ज्ञाकडूनच करून घ्यावा लागतो. डाळगिरणीत धूळ आणि आवाज, काजू कारखान्यात टरफलाचं तेल आणि धूर, हे मुद्दे तज्ज्ञाला आधीच सांगा. मंजुरी येईपर्यंत पाया खणू नका.

त्यानंतर व्यवसाय परवाना, कामगार सुरक्षा यंत्रणा 'ओशा'कडे कारखान्याची नोंद, अग्निशमन तपासणी, आणि खाद्यपदार्थासाठी मानक ब्युरो 'टीबीएस'कडे जागेची व उत्पादनाची नोंद. इथे फार वेगळं काही नाही, एकेक करून होतं.

सावधान : जुनी चालू कंपनी विकत घेऊन हे सगळं टाळता येईल, असा सल्ला मिळतो. तिच्यामागे जुनी करथकबाकी असते आणि मालकी निम्म्याहून जास्त बदलली की कराचे वेगळे प्रश्न उभे राहतात. टीआरएकडचा पूर्ण खातेउतारा पाहिल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

## टप्पा ८ : यंत्रं आणणं

टांझानियात वीज २३०/४०० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, म्हणून भारतीय मोटरी चालतात. पण ग्रामीण फीडरवर व्होल्टेज पडतो. मोटरीला संरक्षण देणारे रिले आणि जनरेटर यांचा खर्च यंत्रांच्या यादीतच धरा.

पूर्व आफ्रिकी समुदायाच्या समान आयात दरपत्रकात ०, १०, २५ आणि ३५ टक्के असे चार टप्पे आहेत. भांडवली यंत्रं बहुतेक शून्याच्या टप्प्यात येतात. सुटे लोखंडी सांगाडे, पट्टे, केबल वेगळ्या बिलावर पाठवले तर त्यांना तयार मालाचा दर लागू शकतो. त्यामुळे पूर्ण संच एकाच बिलावर, एकाच वर्णनाखाली पाठवा.

क्रम असा:

१. गुंतवणूक प्रमाणपत्र आणि सवलतीचं पत्र हातात.
२. भारतात असतानाच टीबीएसच्या मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडून अनुरूपता प्रमाणपत्र, म्हणजे माल तिथल्या मानकांत बसतो याचा दाखला.
३. टांझानियन विमा कंपनीकडून मालवाहतुकीचा विमा.
४. मग जहाज.
५. दार-एस-सलामला स्थानिक क्लिअरिंग एजंट.

दुसरी पायरी चुकली तर माल बंदरात तपासला जातो, दंड बसतो आणि कंटेनरचं भाडं दिवसागणिक चढतं. पहिली पायरी चुकली तर भरलेलं शुल्क परत मिळवणं फार अवघड.

## टप्पा ९ : माणसं

गिरणीचा मिस्त्री पर्यटक व्हिसावर नेऊन कामाला लावणं, हा नेहमीचा गुन्हा. यंत्र बसवायला जाणाऱ्यालाही व्यवसाय व्हिसा लागतो. तो २५० डॉलरला आणि कमाल ९० दिवसांसाठी मिळतो. कायम राहणाऱ्याला दोन कागद लागतात : कामगार खात्याचा वर्क परमिट आणि इमिग्रेशनचा निवास परमिट. गुंतवणूकदाराला अ वर्ग, नोकरदाराला ब वर्ग. एक कागद आला म्हणजे काम झालं, असं नाही. ब वर्गात हे काम करणारा टांझानियन का मिळत नाही, आणि त्याच्या हाताखाली कोण शिकणार, हे लिहून द्यावं लागतं. अनुभवी मिस्त्रीकडे पदवी नसेल तर जुन्या मालकांची अनुभवपत्रं तारखांसकट आणा.

स्थानिक कामगारांसाठी लेखी करार करा. आठवड्याला ४५ तास, वर्षाला २८ दिवस भरपगारी रजा. एनएसएसएफ या सामाजिक सुरक्षा निधीत पगाराच्या २० टक्के जातात, त्यात कामगाराच्या पगारातून १० टक्क्यांहून जास्त कापता येत नाही. कामगार भरपाई निधीला ०.५ टक्का, आणि दहा किंवा जास्त कामगार असतील तर कौशल्य विकास शुल्क ३.५ टक्के. पगाराच्या आकड्यावर हे वेगळं चढतं. प्रकल्प अहवालात नुसता हातात पडणारा पगार लिहिलेला असतो, तो दुरुस्त करा.

## टप्पा १० : तारखा

कंपनी कर ३० टक्के, व्हॅट १८ टक्के. वर्षभरात २० कोटी शिलिंगची उलाढाल ओलांडली की व्हॅट नोंदणी सक्तीची. विक्रीची पावती ईएफडी या टीआरएमान्य इलेक्ट्रॉनिक पावती यंत्रातूनच द्यायची, आणि *खरेदीची पावतीही* ईएफडीचीच मागायची. हाताने लिहिलेल्या बिलावरचा खर्च टीआरए मान्य करत नाही. ट्रकवाल्याचं भाडं, हमाली, सुटे भाग यांची साधी बिलं गोळा करत राहिलात, तर वर्षाअखेरीस कागदावरचा नफा खऱ्या नफ्याच्या दुप्पट दिसेल.

भिंतीवर लावायचं वेळापत्रक (हिशोबाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरून):

- दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत : पगारातून कापलेला कर आणि कौशल्य विकास शुल्क
- दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत : व्हॅट विवरण
- ३१ मार्च, ३० जून, ३० सप्टेंबर, ३१ डिसेंबर : अंदाजी कराचे चार हप्ते
- ३० जून : मागच्या वर्षाचं कंपनी कर विवरण
- १५ जुलै, *भारतात* : रिझर्व्ह बँकेकडे एफएलए, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तेचं विवरण
- ३१ डिसेंबर, *भारतात* : बँकेमार्फत वार्षिक कामगिरी अहवाल, म्हणजे एपीआर

शेवटच्या दोन ओळी तिकडच्या लेखापालाला माहीत नसतात आणि इकडच्याला आठवत नाहीत. एपीआर चुकला तर विलंब शुल्क लागतं आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या कंपनीत पुढचा पैसा पाठवता येत नाही. हे नेमकं लिलावाच्या हंगामात होतं. एपीआर तिकडच्या लेखापरीक्षित हिशोबावर बनतो, म्हणून तिकडच्या लेखापरीक्षकाला सप्टेंबरअखेरची तारीख करारातच घाला. व्यक्तीने गुंतवलं असेल तर आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा असतो. तो चुकला तर दंड १० लाख रुपयांपर्यंत जातो.

लाभांश बाहेर पाठवताना टांझानियात साधारण १० टक्के कर कापला जातो. भारत आणि टांझानियात दुहेरी करटाळणीचा करार आहे, पण त्याचा फायदा आपोआप मिळत नाही. भारताचं करनिवासी प्रमाणपत्र पाठवण्याआधीच तिकडे द्या, आणि तिकडे कापलेल्या कराचं प्रमाणपत्र इकडे मागून घ्या. लाभांश किंवा शेअर विक्रीची रक्कम देय झाली की ती ९० दिवसांच्या आत भारतात आणावी लागते. तिकडच्या डॉलर खात्यात 'पुढच्या हंगामासाठी' ठेवून देता येत नाही. पुढच्या हंगामाला पैसा लागणार असेल तर लाभांश जाहीरच करू नका, नफा कंपनीतच ठेवा.